दुखणें एकीकडे, मूळ एकीकडे

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण ज्या कोणीं प्रथम उच्चारली त्याची विनोदबुद्धि वाखाणण्यासारखी खरी. रेडा आजारी असतां त्याच्या पाठीवरील पाण्याच्या कातडी पिशवीस औषध चोपडणारा मनुष्य हंसें करून घेण्याच्याच लायकीचा आहे. परंतु ह्या म्हणीच्या पोटांत एक गृहीत गोष्ट दडलेली आहे. रोग जेथें दिसतो तेथेंच तो असतो, आणि म्हणून औषधहि तेथेंच लागू करावयाचें, ही ती गोष्ट होय. मनुष्यदेहाच्या बाबतींत हें गृहीत वारंवार खोटें ठरतें. हृदयास रक्ताचा पुरवठा अपुरा पडूं लागला म्हणजे कित्येकांचा डावा हात दुखतो, आणि कित्येकांचा खालचा जबडा. पित्ताशयांतला खडा उजव्या खांद्यांत सलतो. ज्याचा पाय शस्त्रवैद्यानें कापून टाकला आहे असा मनुष्य त्या नसलेल्या पायाचीं बोटें ठणकतात म्हणून रात्र रात्र जागतो. तेव्हां पखालीस औषध लावणारा प्रत्येक मनुष्य मूर्खच असतो असें नाहीं. कधीं कधीं रोग खरोखरच पखालींत असतो. अडचण एवढीच कीं, तो केव्हां तेथें आहे आणि केव्हां नाहीं हें ओळखण्याची खूण म्हणींत सांगितलेली नसते.

अशा फसव्या दुखण्यांपैकीं एकाचा विचार आम्हीं येथें करण्याचें योजिलें आहे. अर्धशिशी, जिला हल्लीं सुशिक्षित लोक ‘मायग्रेन’ म्हणतात, आणि कानाजवळचा जबड्याचा सांधा ह्यांचा परस्परसंबंध काय, हा तो विषय होय. विषय वैद्यांचा आहे खरा. पण ‘हें त्यामुळें झालें’ असें म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हां येतो, आणि तो पुरता आलेला नसतां दुसऱ्याच्या देहावर हत्यार चालविण्याची मोकळीक कोणास असूं शकते काय, हे प्रश्न केवळ वैद्यांपुरते नाहींत.

वाचकांनीं एक उदाहरण मनापुढें आणावें. घोडबंदर रस्त्यावरील मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळें हीं एके काळचीं खेडीं; एका बाजूस येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी, आणि मध्यें आज आभाळास टेकूं पाहणाऱ्या इमारती. येथील कोणी एक पस्तीस वर्षांची बाई रोज सकाळीं ठाणें स्थानकाकडे निघते असें समजूं. गुजराथकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालमोटारी, मेट्रोचे खांब, पावसाळ्यांतले खड्डे आणि भोंग्यांचा कल्लोळ ह्यांतून बस गोगलगाईच्या गतीनें सरकत असतां ती हातानें पुढच्या आसनाचा दांडा आवळून धरते, आणि जबड्यानें दांतांवर दांत. हाताच्या आवळण्याची तिला जाणीव असते, दांतांच्या आवळण्याची नसते. महिन्यांतून चार-पांच वेळां तिचें अर्धें डोकें ठणकूं लागतें, उजेड सोसत नाहीं, आवाज सोसत नाहीं, ओकारी येते, आणि ती अंधाऱ्या खोलींत पडून राहते. हें कधीं चार तास चालतें, कधीं तीन दिवस. जांभई देतांना कानापुढें ‘कट्’ असें वाजतें. शेजारीण सूर्योदयापूर्वीं दूध-जिलबी खावयास सांगते, सासूबाई सुंठेचा लेप लावतात, चष्मेवाला चष्मा बदलून देतो, आणि शेवटीं कोणी दंतवैद्य सांगतो, ‘बाई, तुमचें डोकें बिघडलेलें नाहीं, तुमचा जबडा बिघडला आहे. वरखालचे दांत नीट बसतील असे थोडे घांसून घेऊं, कीं डोकेंहि थांबेल.’ ह्या बोलण्यांत सत्य किती आणि दुकानदारी किती?

सत्य बरेंच आहे, आणि तें प्रथम मान्य केलें पाहिजे. कानाच्या भोकापुढें बोट टेकून तोंड उघडावें व मिटावें. बोटाखालीं जें हाड हलतें तोच हा सांधा. दाराच्या बिजागरीसारखा तो नुसता फिरत नाहीं. तोंड मोठें उघडतांना तो पुढेंहि सरकतो, आणि दोन हाडांमधली एक लहानशी गादी त्याच्याबरोबर सरकते. ही गादी जागेवरून सटकली म्हणजे तो ‘कट्’ आवाज होतो; मात्र असा आवाज पुष्कळ निरोगी माणसांच्या जबड्यांतहि होतो, हें येथेंच सांगून ठेवलेलें बरें. शिवाय उजवा व डावा हे दोन सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांस असल्यामुळें एक हलल्यावांचून दुसरा हलत नाहीं. चावण्याच्या स्नायूंपैकीं एक तर कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला आहे, आणि डोकें दुखूं लागलें कीं मनुष्याचा हात बहुधा त्याच जागीं जातो.

परंतु खरा दुवा मज्जातंतूंचा आहे. मस्तकांतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं पांचवीस तीन शाखा आहेत. पहिली कपाळ व डोळा ह्यांकडे जाते, आणि मेंदूवरील आवरणाच्या वेदनेची वर्दीहि बहुतांशीं तीच आणते. दुसरी वरच्या जबड्याकडे जाते. तिसरी खालचा जबडा, त्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू ह्यांकडे. ह्या तिन्ही शाखांची वर्दी मेंदूच्या देंठांतील एकाच ठाण्यावर येऊन पडते, आणि मानेच्या वरच्या भागांतून येणारी वर्दीहि तेथेंच मिसळते. (ठाणेंकर वाचकांनीं ‘ठाणें’ ह्या शब्दाचा हा उपयोग गोड करून घ्यावा.) एकाच तारेवर चार गांवांचे निरोप येऊं लागले म्हणजे तारमास्तराची जशी त्रेधा उडेल तशीच ह्या ठाण्याची उडते, निरोप असतो जबड्याचा, आणि वाचला जातो कपाळाचा. इतकेंच नव्हे, तर निरोपांचा भडिमार सारखा चालूं राहिला म्हणजे तें ठाणें हळवें होतें, आणि मग कुजबूजहि त्यास आरोळीसारखी ऐकूं येते.

हीं दोन दुखणीं निव्वळ योगायोगानें जितक्यांदा एकत्र यावींत त्याहून पुष्कळ अधिक वेळां एकाच माणसांत एकत्र सांपडतात, हें देशोदेशींच्या पाहण्यांवरून दिसून आलें आहे. दोन्हींचा उपद्रव पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक. अर्धशिशी ही काहीं विरळा व्याधि नव्हे. बंगळूर व आसपासच्या भागांत केलेल्या व २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, वर्षभरांत तिचा अनुभव घेतलेलीं माणसें चारांत एक इतकीं निघालीं. आपल्या जुन्या वैद्यांच्याहि नजरेंतून डोकें व जबडा ह्यांची ही सोबत निसटलेली नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत जे अकरा शिरोरोग सांगितले आहेत त्यांत अर्धावभेदक तर आहेच, पण ‘अनंतवात’ नांवाच्या रोगांत मान, डोळा, भुंवई व कानशील ह्यांच्या वेदनेबरोबर हनुग्रह, म्हणजे जबडा धरणें, हेंहि लक्षण दिलें आहे. अनंतवात म्हणजेच आजची अमुक व्याधि असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. आधुनिक प्रत्येक शोध पोथींत आधींच होता असें दाखविण्याचा छंद पोथीच्याहि मानास शोभत नाहीं. वैद्यांचें राहो, आपली रोजची बोलीच पाहावी. मनुष्य रागावला कीं दांतओठ खातो, राग बाहेर काढतां आला नाहीं तर गिळतो, भय वाटलें कीं त्याची दांतखीळ बसते. मनाचा ताण प्रथम जबड्यावर उतरतो, हें ह्या बोलण्यांत किती सहज येऊन गेलें आहे!

येथपर्यंत दंतवैद्याची बाजू बळकट दिसते. पण सोबत आहे एवढ्यावरून कारण सिद्ध होतें काय? आपल्या नैयायिकांनीं ह्या ठिकाणीं जी सूक्ष्म दृष्टि दाखविली आहे तिचें आम्हांस फार कौतुक वाटतें. ते म्हणतात, कार्याच्या आधीं जें जें नियमानें असेल तें तें सारेंच कारण नव्हे. त्यांतलें जें ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे ज्याच्यावांचूनहि कार्य झालेंच असतें, तें वगळलें पाहिजे. त्यांचें उदाहरण कुंभाराच्या गाढवाचें. माती आणावयास गाढव होतें, म्हणून घडा झाला असें कोणी म्हणत नाहीं; माती दुसऱ्या कोणीं आणली असती तरी घडा झालाच असता. चाकाची व दांड्याची गोष्ट वेगळी. आतां आमच्या बाईच्या अर्धशिशींत जबडा हा कुंभाराचें चाक आहे कीं कुंभाराचें गाढव?

आणि जबड्याविषयीं जें विचारावयाचें तेंच रस्त्याविषयींहि. घोडबंदर रस्त्यावरचा प्रत्येक रहिवासी आपल्या डोकेदुखीचें खापर त्या रस्त्यावर फोडावयास एका पायावर तयार असतो. त्या रस्त्यानें सकाळची झोंप तोडली जाते, जेवणाची वेळ टळते, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते, आणि ह्या तिन्ही गोष्टी अर्धशिशीचा झटका उठविणाऱ्यांत मोडतात, हें खरें. पण त्याच बसमधून जाणाऱ्या पन्नास माणसांपैकीं बहुतेकांस अर्धशिशी नसते, आणि ज्यांस असते त्यांच्या आईस किंवा मावशीसहि ती पुष्कळदां असते. तीं तर अशा गांवांत राहिलेलीं, जेथें बैलगाडीखेरीज वाहन नव्हतें. प्रवृत्ति रक्तांतून येते. रस्ता तिला डिवचतो, निर्माण करीत नाहीं.

जबड्याचेंहि बहुतांशीं असेंच आहे. फरक इतकाच कीं, येथें गाढव व चाक एकमेकांस ओढूं लागतात. दांत आवळल्यानें स्नायु दुखतात, त्यांची वर्दी ठाण्यास हळवें करते, आणि झटके वाढतात. उलट झटका चालू असतां कित्येकांस चेहऱ्यास बोट लागलेलें खपत नाहीं. अशा वेळीं जबडा दाबून पाहिला तर तो दुखणारच, आणि तें दुखणें अर्धशिशीचें कारण नसून कार्य असतें. बीजापासून अंकुर कीं अंकुरापासून बीज, ह्या वादांत जसें पहिलें कोण हें ठरवितां येत नाहीं, तसेंच येथें होतें. औषधानेंहि ह्या घोटाळ्यांत भर घालावी हा तर दैवदुर्विलासच म्हणावयाचा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यांतून पंधरा दिवस किंवा अधिक, असें कांहीं महिने चाललें, म्हणजे त्या गोळ्याच नवी डोकेदुखी उत्पन्न करूं लागतात.

इतिहासांत ह्या प्रश्नाचें एक बोधप्रद प्रकरण आहे. १९३४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील कान-घशाचे वैद्य जेम्स कॉस्टेन ह्यांनीं अकरा रोग्यांच्या आधारें असें प्रतिपादिलें कीं, मागच्या दाढा पडल्यामुळें जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचें डोकें मागें सरकून मज्जातंतूवर व कानाच्या नळीवर दाब आणतें, आणि त्यामुळें कान व डोकें दुखतें. उपपत्ति सुबक होती, उपाय दंतवैद्याच्या हातांतला होता, आणि रोगास लवकरच कॉस्टेन ह्यांचें नांव मिळालें. १९४८ सालीं हॅरी सिखर ह्या शरीररचनाशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, त्या जागीं हाडांची व मज्जातंतूंची मांडणीच अशी आहे कीं सांगितलेला दाब पडूं शकत नाहीं. उपपत्ति ढांसळली, पण त्या रोग्यांचें दुखणें कांहीं खोटें नव्हतें. ज्याच्या दुखण्याचें कारण चुकीचें सांगितलें गेलें त्याचें दुखणेंच चुकीचें होतें असें समजण्याची घाई विद्वानांनाहि फार असते.

त्याहून विचार करावयास लावणारा प्रयोग १९७६ सालीं शिकागोच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केला. जबड्याच्या स्नायूंच्या दुखण्यानें पीडलेल्या पंचवीस रोग्यांचे दांत घांसून सारखे करीत आहों असा त्यांनीं नुसता बहाणा केला; चालू यंत्र दांतांजवळ फिरलें, पण दांतांचा जो भाग एकमेकांवर बसतो त्यास धक्का लागला नाहीं. पंचविसांपैकीं सोळांस पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण आराम पडला!

येथेंच आमचा नैतिक प्रश्न धारदार होतो. ‘तुमचा जबडा मी दुरुस्त करतों, तुम्ही बऱ्या व्हाल,’ असें ठामपणें म्हणण्यानेंच जर निम्म्याहून अधिक माणसें बरीं होत असतील, तर तसें म्हणणाऱ्यास लबाड कां म्हणावें? खरें सांगणारा वैद्य रोग्यास शंकेंत ठेवतो, आणि शंका आरामाची शत्रु आहे. हा आक्षेप हलका नाहीं. वेदनेनें गांजलेल्या माणसापुढें तर्कशास्त्राचा पाठ म्हणणें हीहि एक क्रूरता आहे, हें आम्हीं मान्य करतों. तथापि ह्या आक्षेपास उत्तर त्याच प्रयोगांत आहे. आराम पडावयास दांत घांसण्याची गरज नव्हती, हेंच तर त्यानें सिद्ध केलें! धीर द्यावयास खोटें बोलावें लागत नाहीं. लक्ष देऊन ऐकणें, दुखण्याचा मार्ग समजावून सांगणें आणि जें बिघडण्यासारखें नाहीं तें करून पाहणें, ह्यांतूनहि धीर मिळतो. आणि घांसलेला दांत पुन्हां उगवत नाहीं. आमच्या मतें कृतीस ज्ञानाचें माप लावलें पाहिजे: ज्ञान जितकें संशयित, तितकें कृत्य मागें घेतां येण्याजोगें असावें. ज्याची खात्री निम्मी आहे त्यानें पुरा, कायमचा बदल दुसऱ्याच्या देहांत करूं नये.

ह्या मापानें पाहिलें असतां वैद्यकाचें आजचें मत अगदीं भलतीकडे गेलेलें नाहीं. २०२३ सालीं ‘बीएमजे’ ह्या ब्रिटिश नियतकालिकानें जबड्याच्या जुनाट दुखण्यासंबंधीं जो उपदेश प्रसिद्ध केला त्यांत जबड्याचा शिकवून करवलेला व्यायाम, स्नायूंचें हातानें केलेलें मर्दन आणि मनाच्या संवयी बदलण्याचे उपाय ह्यांस पुढें केलें आहे, आणि दांतांची बैठक कायमची बदलणाऱ्या उपायांविरुद्ध बजावलें आहे. दांतांवर रात्रीं बसविण्याच्या पट्टीविषयींहि त्यांत फारशी अनुकूलता नाहीं. उलट ब्राझीलमध्यें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, दोन्ही दुखणीं असलेल्या स्त्रियांस अर्धशिशीचें औषध व दांतांवरची पट्टी हीं दोन्ही दिलीं तेव्हां सर्वांत अधिक गुण आला. हीं दोन मतें एकमेकांशीं पुरतीं जुळत नाहींत. न जुळोत, पट्टी निदान सकाळीं काढून पेल्यांत ठेवतां येते. अन् सर्वांत स्वस्त उपाय तर कोणाच्याच पेटींत नाहीं. ओठ मिटलेले असतांहि वरखालचे दांत एकमेकांस टेकलेले नसावेत, ही जबड्याची विश्रांतीची स्थिति होय; पण आपण दांत आवळून बसलों आहों हें दिवसांतून दहा वेळां कोणी आठवण केल्यावांचून कळत नाहीं.

कारण ठरविण्याची घाई किती महाग पडूं शकते ह्याचें एक उदाहरण येथें दिलेंच पाहिजे. पन्नाशी उलटलेल्या माणसाचें कानशील नव्यानें दुखूं लागलें, केस विंचरतांना डोकें हुळहुळूं लागलें, आणि घांस चावतां चावतां जबडा भरून येऊं लागला, तर तो सांध्याचा दोष नसून कानशिलाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा दाह असूं शकतो. आपल्याकडे हा रोग विरळा आहे. पण त्यांत उपचारास उशीर झाला तर दृष्टि जाते, आणि गेलेली बहुधा परत येत नाहीं. डोकें आणि जबडा हींच दोन लक्षणें, पण कारण निराळेंच! ‘जबडाच तो’ म्हणून दांत घांसीत बसणारा मनुष्य अशा वेळीं केवळ तर्कांत चुकत नाहीं.

दुसरी घाई ह्याच्या अगदीं उलट. कारण हातीं लागलें नाहीं कीं ‘मनाचें आहे’ म्हणून हात झटकावयाचे. ठाण्यांत १९०१ सालीं मनोरुग्णालय स्थापन झालें, आणि तेव्हांपासून ‘ह्याला ठाण्यास पाठवा’ ही मराठींत एक थट्टाच होऊन बसली. त्या थट्टेची सांवली अजून गेलेली नाहीं. ताणानें जबडा आवळला जातो असें आमच्या बाईस सांगितलें तर तिला ऐकूं येतें तें एवढेंच कीं, आपलें दुखणें खरें मानलें जात नाहीं. वास्तविक ताणानें आवळलेला स्नायु हा दगडानें ठेंचलेल्या स्नायूइतकाच खरा आहे.

मग हा सांधा सांभाळावा कोणीं? दंतवैद्यकाचें पहिलें महाविद्यालय अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १८४० सालीं निघालें, आपल्या देशांत कलकत्त्यास १९२० सालीं. तेव्हांपासून दांत एका शाळेंत आणि उरलेला देह दुसऱ्या शाळेंत शिकविला जातो. जबड्याचा सांधा बरोबर शिवेवर पडला. शिवेवरच्या वस्तूचें काय होतें हें घोडबंदरकरांस सांगावयास नको. मुख्य रस्त्याचें खातें एक, मेट्रोच्या खांबांचें दुसरें, आणि गायमुखाचा घाट ओलांडला कीं महानगरपालिकाच बदलते. खड्डा मात्र एकच, आणि त्यांत आदळणारा मनुष्यहि एकच. आमच्या बाईस दंतवैद्य मेंदूच्या वैद्याकडे पाठवीत नाहीं आणि मेंदूचा वैद्य तिचा जबडा चांचपून पाहत नाहीं, ह्यांत दोघांपैकीं कोणी दुष्ट असतो असें नाहीं. दोघेहि आपआपल्या हद्दींत प्रामाणिक असतात.

शेवटीं पैशाची गोष्ट राहिली, आणि ती टाळून नीतीची चर्चा करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. समजा, त्या रस्त्यावर एकाच इमारतींत दोन दंतवैद्य आहेत. पहिला अर्धा तास बसून ऐकतो, जबडा तपासतो, दुखण्याच्या तारखा वहींत लिहावयास सांगतो, मेंदूच्या वैद्यास चिठ्ठी देतो, आणि म्हणतो, ‘जबड्याचा हात ह्यांत आहे, पण सारा दोष त्याचा नाहीं, तुमच्या दांतांस मी आज हात लावणार नाहीं.’ दुसरा दहा मिनिटांत यंत्र चालू करतो. दुसऱ्याचे पैसे देतांना कोणी कुरकुर करीत नाहीं, कारण कांहीं तरी केलेलें दिसतें. पहिल्याची फी देतांना आपण म्हणतों, ‘केलें काय त्यानें? नुसता बोलला!’ आणि जागेचें भाडें तर दोघांसहि सारखेंच भरावें लागतें.